जोराचा डबा

मुश्ताकच्या तळहातावरचा डबा बघून गोमाजीचं तोंड उतरलं. तपकिरीच्या डबीहून जरासा मोठा, काळा, दोन्ही बाजूंना वायरींची शेपटं. एवढ्याशा वस्तूच्या जिवावर माणसांनी भरलेली जीप वाघजाईचा चढ चढणार असेल, तर आपण जन्मभर बैलांना पेंड कशाला चारली, असं त्याच्या मनात आलं. पण बोलायची सोय नव्हती. डबा लावू या, ही टूम त्यानंच काढली होती.

"एवढाच?" तो म्हणाला.

"एवढाच, गोमाजीदादा. दुबईत रेतीच्या टेकड्या चढायच्या गाड्यांना हाच लावायचो आम्ही."

मुश्ताकनं तरुणपण आखातात काढलं आणि परत येऊन महाडला हायवेच्या कडेला गॅरेज टाकलं. पोलादपूरकडच्या बऱ्याच जीपा त्याच्या हाताखालून जायच्या. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिनाच्या कडेला हात घालून एक प्लग खेचून काढला, डब्याचं एक शेपूट इकडे लावलं, दुसरं तिकडे लावलं आणि हात पुसले. गोमाजी बघतच राहिला. इतक्या वेळात तर त्याची विडीही पेटली नसती.

"झालं?"

"झालं. आता ऐका. हा सेन्सर. डिझेलचा दाब किती हाय ते हा गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. मधे आपण ह्या डब्याला बसवला. दाब असतो तेवढाच, पण हा सांगणार, कमी हाय. कॉम्प्युटरला वाटणार, अरे, कमी पडतंय, वाढवा. तो वाढवणार. जोर आला."

"म्हंजे गाडीला खोटं सांगायचं."

"खोटं नाय, दादा. जरासं कमी सांगायचं."

"बा, तुला काय करायचंय?" गोमाजीचा मुलगा भरत वैतागला. "चढल्याशी मतलब."

गोमाजीची बायको तुळसा बाजूला टायरवर पिशवी धरून बसली होती. ती दवाखान्यात वाडीच्या चंद्राबाईला बघून आली होती, आणि आल्यापासून तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. ती एकदम म्हणाली, "आन तिला कळत नाय का?"

"कुणाला?"

"गाडीला. आपल्याला फसवतायत ते."

मुश्ताक हसला. "नाय कळत, वयनी. तीच तर गंमत हाय."

तुळसा हसली नाही. तिनं पदर सारखा केला आणि पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

गंमत करण्यासारखे दिवसच नव्हते. गोमाजीचं घर कापड्याला, आणि त्याची जीप कापड्याहून वर करंजमाळ नावाच्या वाडीला जायची. एस्टी कापड्यालाच वळते. वाडीच्या माणसांना खाली यायला, वर जायला ही जीपच. पण गेली चार वर्षं जीप भरली की वाघजाईच्या वळणावर दम टाकायची. मग सगळ्यांनी उतरायचं, वाघजाई देवीच्या ढिगावर झाडाची एक डहाळी टाकायची आणि उरलेला चढ पायी चढायचा. रिकामी जीप वर जाऊन थांबायची. डहाळी टाकायची रीत जुनी, पायी चालणाऱ्यांची. ती जीपमुळे टिकली, असं गोमाजी गमतीनं म्हणायचा. पण ह्या पावसाळ्यात त्या पायी चढात चंद्राबाई शेवाळावरून घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. गंमत तिथंच संपली.

वाडीची बैठक बसली. वाडीचा म्हातारा रावजी म्हणाला, जो गाडीवाला एकाही माणसाला न उतरवता भरलेली जीप वर आणील, त्याच्याच गाडीत आम्ही रोज बसणार. येत्या शुक्रवारी बघू. पोलादपूरचा एकजण नवी कोरी जीप घेऊन तयारच होता. भरत मुंबईला लोकांच्या गाड्या चालवायचा. तो बायकोला, सेजलला, घेऊन आला होता ते इथंच राहायचं म्हणून. वाडीचा फेरा मिळाला तर तो जीप चालवणार, गोमाजी शेत बघणार. नाही मिळाला तर दोघं रविवारी परत मुंबईला. घरात चौघांनाही हे माहीत होतं, म्हणून त्यावर कोणी बोलत नव्हतं.

महाड सोडलं आणि सपाट रस्त्याला भरतनं पाय दाबला, तशी जीप खरंच उसळली. ट्रक मागे पडले. "बघितलंस, बा? बघितलंस?" भरत ओरडला. गोमाजीनं दांडी धरली. त्याला बरंही वाटत होतं आणि बरं वाटू नये असंही वाटत होतं. चाळीस वर्षं त्यानं आवाजावर गियर टाकले होते. आता गाडी एक ओरडत होती आणि पळत होती भलतीच, त्यामुळे कान सांगायचे ते आणि अंगाला कळायचं ते जुळेना.

कापड्याच्या नाक्यावर भरतनं मुद्दाम वाडीची माणसं भरली, कोंबूनच भरली म्हणा. पहिली वळणं झकास गेली. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, आज पायाला सुट्टी. आणि वाघजाईचं वळण आलं. भरतनं पहिला टाकला, पाय दाबला, आणखी दाबला. जीप कण्हली, थरथरली आणि थांबली.

सगळे आपणहून उतरले, सवयीनं हात वर करून करंजाची डहाळी मोडली, ढिगावर टाकली आणि चालायला लागले. एक म्हातारी जाता जाता म्हणाली, "डबा नवीन हाय, रे. सासरी लाजत असंल." सगळ्या हसल्या. भरतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

आता एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. जीप का चढत नाही हे तुळसाला माहीत होतं.

चार वर्षांमागे शिमग्याला भरत आला होता. मित्रांना भरून त्यानं जीप ह्याच उतारावरून अशी काही हाकली, की ती कठड्याबाहेर जाऊन करवंदीच्या जाळीत अडकली. कोणाला खरचटलंही नाही. पण तुळसा सरपणाचा भारा घेऊन तिथून येत होती, आणि हवेत गरगरणारं चाक तिनं डोळ्यांनी बघितलं. त्या वर्षी दसऱ्याला जीप धुतली तेव्हा आतल्या चटया धुवायला नेहमीप्रमाणे तीच घेऊन गेली. गाडीची पूजा पुरुष करतात, पण गाडीच्या चटया बायकांच्या. चटया परत घालताना तिनं ॲक्सिलेटरखालच्या चटईच्या पोटाला नांगराची जुनी, आईनाच्या टणक लाकडाची पाचर सुतळीनं घट्ट बांधली. पेडल अर्ध्यावर गेलं की पाचरीला टेकायचं. वरून जाड गोणपाट, त्यामुळे पायाला वाटायचं, आली जमीन. भरतच चालवणार असता तर ठीक होतं. पण तो मुंबईला गेला आणि गोमाजीच चार वर्षं अर्ध्या पायानं घाट चढत राहिला. "गाडी म्हातारी झाली," तो म्हणायचा. तुळसा म्हणायची, "होणारच." सपाटीला अडायचं काही नाही. जागेवर उभी करून मुश्ताकनं रेस केली तरी ती अर्ध्या पायानं छान बोंबलायची. दरवर्षी दसऱ्याला तुळसा पाचर काढायची, चटया वाळेपर्यंत भाताच्या कणगीमागे ठेवायची आणि परत बांधायची.

चंद्राबाई घसरली तेव्हापासून तिला घास गिळवत नव्हता. खुबा मोडला तो शेवाळानं नव्हे, आपल्या पाचरीनं, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. आणि काढावी म्हटलं तर डोळ्यांपुढे ते गरगरणारं चाक. डबा लावायचं ठरलं तेव्हा तिला वाटलं होतं, सुटले. जोर डब्याचा, लाकूड आपलं, दोन्ही राहतील. आता डबाही हरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं लवकर पिकलेलं हळवं भात कापायला उतरली. ओलं शेत, बुटकी रोपं, विळ्याला चिखल. सेजलला कापायची सवय नव्हती. तिच्या बोटाला चिंधी बांधलेली होती, तरी ती मागे राहत नव्हती. भरत मात्र कापता कापता उभा राहून चढाकडे बघायचा.

"मुश्ताकनं गंडवलं आपल्याला," तो म्हणाला.

"मुश्ताक गंडवायचा नाय," गोमाजी म्हणाला.

"मंग चढत का नाय? पाय पार जमिनीला लावला मी."

तुळसाचा विळा थांबला. गोमाजी खाली वाकला होता, तो वाकूनच राहिला. "वय झालं रे तिचं," तो म्हणाला.

"वय झालं तं सपाटीला कशी पळते? सांग ना. माझ्या तं डोक्याचा भुगा झालाय." भरतनं मूठभर भात आडवं टाकलं. "रविवारचं बघतो मी. सेजल, सामान काय सोडू नको."

सेजलनं मान हलवली. ती सासूच्या जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "आत्या, मला नाय जायचं ओ परत. इथं निदान ह्यांचा चेहरा दिसतो. तिथं गाडी घेऊन जातात ते कवा येतील त्याचा नेम नाय." तुळसानं तिच्या बोटाची सुटलेली चिंधी बांधली.

भरतनं फोन केला होता, म्हणून दुपारी मुश्ताक स्वतःच आला, मोटरसायकलवर, शर्टाला इस्त्री करून. फसवलं म्हणतात हे त्याच्या कानावर गेलं होतं आणि ते त्याला फार लागलं होतं. त्यानं डब्याच्या पोटातला बारका स्क्रू फिरवून जोर वाढवला. भाताची पोती टाकून जीप भरली, वरून माणसंही बसली, आणि तो स्वतः पुढे बसला. वाघजाईपाशी जीपनं काळ्या धुराचा लोट सोडला, पुढच्या काचेखाली पिवळा दिवा लागला, आणि ती उभी राहिली.

सगळे उतरले. मुश्ताकही उतरला. बाकीच्यांचं बघून त्यानंही डहाळी मोडली, ती हातात धरून क्षणभर उभा राहिला आणि मग ढिगावर टाकली. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. तो चढ चढता चढता पुटपुटत होता. वर पोचल्यावर त्यानं डोक्यावरचा घाम निपटला.

"अल्लाची शप्पथ, मला कळत नाय," तो म्हणाला. "एवढ्या गाड्यांना लावलाय मी हा. धूर येतो म्हंजे डिझेल जातंय. डिझेल जातंय म्हंजे जोर पायजे. मंग अडतंय कुठं?"

त्यानं दार उघडलं आणि आत वाकला. मान खाली, हात पेडलकडे. तुळसा एक पाऊल पुढे आली.

"अरे, तिथं काय बघतोस?" गोमाजी म्हणाला. "इंजन पुढं हाय."

"पेडल बघतो, दादा."

"पेडल चांगलं हाय. उगाच खोलत बसू नको. पुढं बघ."

मुश्ताक सरळ झाला. थोरल्या माणसाचं ऐकायची त्याला सवय होती. त्यानं स्क्रू परत खाली घेतला, दिवा घालवला आणि मोटरसायकलला किक मारली. "शुक्रवारी नाय चढली तं डबा मी काढून नेईन," तो भरतला म्हणाला. "पण गंडवलं म्हणू नको, भरत. दुसरं काय पण म्हण." तो उतारावरून दिसेनासा होईपर्यंत तुळसा बघत राहिली. म्हाताऱ्यानं नेमकं त्याच वेळी अडवलं, हे आपलं नशीब की वाघजाईची कृपा, तिला कळेना. आणि आपल्याला बरं वाटलं ह्याची तिला लाज वाटली. एका भल्या माणसाला तिनं सगळ्या वाडीसमोर चढ चढवला होता.

शुक्रवारी उजाडता उजाडता ती केरसुणी घेऊन जीपकडे गेली. कोणी विचारलं असतं तर झाडते आहे म्हणाली असती. चटई उचलली, विळ्यानं सुतळी कापली आणि पाचर हातात घेतली. ती तिला वाटली होती त्याहून बारीक निघाली. झिजली असेल, चार वर्षं पायाखाली, असं काहीतरी मनात येऊन गेलं. चटई तिनं नीट दाबून बसवली आणि पाचर कमरेला ओटीत खोचली. रविवारी पोर मुंबईला गेला तर तिथं काय रस्ते नसतात, असं ती स्वतःला समजावत होती, आणि ते तिला पटत नव्हतं.

रावजी काठी टेकत आला आणि मोजून माणसं बसवली. "एकानं जरी पाय खाली ठेवला तं गोष्ट संपली," तो म्हणाला. पोलादपूरचा गाडीवालाही बघायला आला होता, चावी बोटाभोवती फिरवत. गोमाजी मागे बसला. तुळसा हट्टानं पुढे, मुलाच्या शेजारी बसली.

वाघजाईचं वळण आलं. भरतनं पहिला टाकला आणि पाय दाबला. पाय गेला तो गेलाच. जीपनं अशी झेप घेतली, की रावजीची काठी हातातून निसटली, मागे बाया किंचाळल्या, आणि भरतच्याच तोंडातून "आये गो!" निघालं. त्यानं दचकून पाय मागे घेतला, तरी जीप चढतच होती. वळण संपलं, ढीग मागे पडला. माणसांनी सवयीनं उतरायला पाय उचलले होते, ते तसेच अधांतरी राहिले. करंजमाळच्या देवळापुढे जीप थांबली तेव्हा उतरावं की बसावं हे कुणालाच समजेना.

"आली की रे," रावजी म्हणाला. मग त्यानं भरतच्या पाठीवर थाप मारली. "सोमवारपासनं तूच ये."

भरतनं तिथूनच मुश्ताकला फोन लावला. खरंच चढली का, हे त्यानं दोनदा विचारून घेतलं. मग मुश्ताक म्हणाला, "कधी कधी डब्याला गाडीची सवय व्हायला लागते दोन-चार दिवस." भरतनं ते सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मुश्ताकलाही ते तितकंसं पटलं नसावं.

उतरताना वाघजाईपाशी तुळसा म्हणाली, "थांब रे. डहाळी टाकायची राहिली."

"मी पण उतरतो," गोमाजी म्हणाला.

भरतला घाई होती. खाली नाक्यावर दुसरी माणसं उभी होती. त्यानं दोघांना सोडलं आणि जीप वळणाआड गेली. तुळसा कान देऊन उभी राहिली. एक वळण, दुसरं वळण. ब्रेकचा आवाज आला की तिची मान हलायची. मग आवाज खालच्या झाडीत बुडाला.

"दाखव," गोमाजी म्हणाला.

"काय?"

"ओटीत हाय ती."

तुळसा ढिगाशेजारी दगडावर बसली आणि तिनं पाचर काढून त्याच्या हातात दिली. गोमाजीनं ती उलटीपालटी केली, अंगठ्यानं चाचपली.

"केवढी होती आन केवढी झाली," तो म्हणाला.

"झिजली."

"आईनाचं लाकूड चटईखाली झिजतं व्हय? मी तासली. तू चटया धुवायला वहाळाला गेलीस का कणगीमागनं काढायचो. दर दसऱ्याला जराजराशी."

तुळसा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. चार वर्षं ती ज्याला फसवत होती, तो माणूस तिच्यासमोर उभा राहून लाकडावरच्या विळ्याच्या खुणा दाखवत होता. "मंग काढून का नाय टाकलीत?"

"काढली असती तं तुला कळलं असतं." गोमाजी पण टेकला. "ते जाळीतलं झाल्यापासनं तू जीप येस्तवर उंबऱ्यातच बसायचीस. जेवायची पण नायस. पाचर घातलीस आन जेवायला लागलीस. म्हटलं, असू दे. माणसं जरा चालतील." तो थांबला. "चंद्राबाईचं माझ्या पण डोक्यात हाय. माझं पण तेवढंच पाप हाय, एकटीचं घेऊन बसू नको."

"आन डबा? तुमीच काढलंत ना डब्याचं."

"म्हटलं, डब्यानं भागलं तं पाचर राहील."

तुळसाला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांतून पाणी आलं. तिनं पदर तोंडाला लावला. हा शहाणा माणूस एका लाकडाच्या तुकड्यासाठी महाडचा मिस्त्री, दुबईचा डबा आणि अख्खी वाडी कामाला लावून बसला होता, आणि तीही तेच करत होती.

खालून जीपचा आवाज आला. भरलेली असावी, पण आवाजात कण्हणं नव्हतं. तो चढत चढत जवळ येत होता.

"आता पाचर नाय, आन डबा पण हाय," तुळसा घाबरून म्हणाली. "डबल जोर झाला ओ. डबा काढाया सांगा मुश्ताकभायला."

"काय म्हणून सांगू? चालत नव्हता तवा ठेवला, आन चालायला लागला तवा काढ?"

जीप वळणावर आली. भरतनं हॉर्न वाजवला, हात हलवला आणि न थांबता वर गेला. कोणी उतरलं नाही. दोघंही आवाज ऐकत राहिली. वर देवळापाशी तो थांबला.

"पोचला," गोमाजी म्हणाला.

त्यानं करंजाच्या दोन डहाळ्या मोडल्या, एक तिला दिली, आणि दोघांनी त्या ढिगावर टाकल्या. मग पाचरही तो ढिगावर ठेवायला गेला. तुळसानं त्याचा हात धरला.

"ती द्या इकडं."

"कशाला?"

"पुढल्या आठवड्यात दसरा हाय. चटया धुवायच्या हायत."

गोमाजीनं पाचर तिच्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही.

"कणगीमागंच ठेव मंग," तो म्हणाला. "आणखी जराशी तासून देतो."